जेबेल अलीहून न्हावा शेवा: मूळ देशाचे कागद, स्कॅनिंग आणि अडकणारे कंटेनर

गाळा_बारा

२ मे २०२५ च्या डीजीएफटी (विदेश व्यापार महासंचालनालय) अधिसूचनेने पाकिस्तानी मूळ असलेल्या किंवा पाकिस्तानातून निर्यात झालेल्या सगळ्या मालाची आयात बंद झाली, थेट असो वा तिसऱ्या देशातून. ते ठीकच आहे. पण खारीक, खजूर, सैंधव दुबईच्या जेबेल अली बंदरातून मागवणाऱ्यांचे सरळ मार्गाने आलेले कंटेनरही आता स्कॅनिंग आणि शंभर टक्के तपासणीत जातात, आणि शिपिंग लाइनचं डिटेन्शन (कंटेनर वेळेत परत न केल्याचं भाडं) डॉलरमध्ये चढत राहतं. तपासणी नको असं कुणी म्हणत नाही. ती कमीत कमी दिवसांत पार कशी पडेल, यासाठी हा धागा.

जाणकारांनी चार गोष्टींवर लिहावं. बुकिंगआधी पुरवठादाराकडून नेमकं काय घ्यायचं? बिल ऑफ एन्ट्रीत (आयातीच्या कस्टम घोषणापत्रात) कुठे चुकतं? कंटेनर अडकलाच तर खर्च कसा आवरायचा? आणि एईओचा (कस्टमच्या 'विश्वासू व्यापारी' दर्जाचा) छोट्या आयातदाराला खरंच उपयोग आहे का? "चांगला सीएचए (कस्टम ब्रोकर) धरा" सोडून बोला, तो सगळ्यांनी धरलेलाच असतो.

उरणचा_कागदवाला

आधी एक गोंधळ मिटवू. माल जहाजावर कुठे चढला आणि माल मुळात कुठला, हे बिल ऑफ एन्ट्रीतले वेगवेगळे रकाने आहेत. मूळ देश प्रत्येक आयटमला भरावा लागतो आणि बंदी लागते ती त्याच्यावर. बऱ्याच जणांचा समज असा की यूएई सेपाची (भारत-यूएई व्यापार कराराची) ड्यूटी सवलत घेतली नाही, पूर्ण ड्यूटी भरली, की मूळ देशाचा विषय संपला. सवलत न घेतल्याने फक्त सवलतीची चौकशी टळते. बंदीची चौकशी उभीच राहते आणि ती जास्त महाग पडते. चुकीच्या मूळ देशाखाली आणलेला माल कस्टम कायद्याच्या कलम १११ खाली जप्तीला पात्र, ११२ चा दंड वेगळा, आणि जाणूनबुजून खोटा कागद दिल्याचं ठरलं तर ११४एए खाली मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड.

जून २०२५ मध्ये डीआरआयने (महसूल गुप्तचर संचालनालयाने) 'ऑपरेशन डीप मॅनिफेस्ट'मध्ये न्हावा शेव्यात ३९ कंटेनर धरले. १,११५ टन माल, किंमत सुमारे ९ कोटी. पद्धत सरळ होती: पाकिस्तानातून दुबईपर्यंत एक कंटेनर आणि एक जहाज, दुबईत माल दुसऱ्या कंटेनरमध्ये, तिथून भारताला वेगळं जहाज, आणि कागदावर मूळ देश यूएई. खारकेचाच माल होता त्यात. आमिष नवीन नाही. पुलवामानंतर १६ फेब्रुवारी २०१९ पासून पाकिस्तानी मालावर २०० टक्के ड्यूटी होती, तेव्हापासून मूळ लपवण्यात पैसा आहे. आता जेबेल अलीहून ०८०४ चा (ज्या टॅरिफ गटात खजूर-खारीक येते त्याचा) माल आला की आरएमएस (जोखमीचा माल निवडणारी कस्टमची संगणक प्रणाली) त्याच्याकडे कसं बघणार, हे वेगळं सांगायला नको.

मसाला_मार्केट

पण दुबईत माल निवडला, धुतला, नवीन खोक्यांत भरला, त्यांच्या चेंबर ऑफ कॉमर्सने मूळ देशाचं सर्टिफिकेट दिलं, तर मूळ यूएई होत नाही का? तिथले व्यापारी छातीठोकपणे सांगतात.

उरणचा_कागदवाला

नाही होत. निवडणं, धुणं, प्रतवारी, पॅकिंग, लेबल या किमान प्रक्रिया झाल्या. शेतमाल जिथे पिकला तिथलाच राहतो. सेपामध्येही अशा पिकाला 'पूर्णतः तिथेच मिळवलेलं' हाच निकष लागतो. चेंबरचं सर्टिफिकेट हा पुरवठादाराने चेंबरला जे सांगितलं त्यावरचा शिक्का असतो. त्याच्या मागे काय कागद आहे हे विचारल्याशिवाय त्याला किंमत नाही.

फायटो_वाचा_आधी

शेतमालासाठी सगळ्यात बोलका कागद फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (मालात कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला, थोडक्यात 'फायटो'), आणि तोच लोक सगळ्यात कमी वाचतात.

फायटो दोन प्रकारचे असतात. एक साधं: माल त्याच देशात पिकला, तिथल्या वनस्पती संगरोध खात्याने तपासला. दुसरं पुनर्निर्यातीचं. त्यात स्पष्ट वाक्य असतं की अमुक देशात हा माल तमुक देशातून, अमुक नंबरच्या मूळ फायटोखाली आयात झाला. तो मूळ फायटो किंवा त्याची प्रमाणित प्रत सोबत असायला हवी. दुबईच्या पुरवठादाराने पुनर्निर्यातीचं फायटो पाठवलं आणि इन्व्हॉइसवर मूळ यूएई लिहिलं असेल, तर तुमचे दोन कागद एकमेकांच्या विरुद्ध साक्ष देतायत. वनस्पती संगरोधाचा अधिकारी ते दोन मिनिटांत पकडतो.

साध्या फायटोतही 'उगमस्थान' हा रकाना असतो. तिथे नुसतं देशाचं नाव चालवून घेऊ नका, अमिरात किंवा बागायतीचा भाग मागा.

दुसरं, जात बघा. यूएईत खलास, फर्द, लुलू, खुनैझी असा मऊ खजूर पिकतो. कडक खारीक वेगळी चीज आहे. आपल्या टॅरिफमध्येही मऊ खजूर ०८०४१०२० आणि कडक ०८०४१०३० असे वेगळे आहेत, दुसऱ्याच्या वर्णनात 'खारेक' हा शब्दच छापलेला आहे. सिंधमधल्या खैरपूरची असील जात उकळून, वाळवून जी खारीक होते ती डोळ्याला सरावाची आहे. तिच्यावर 'यूएई मूळ' लिहून हजारो टन आणले की शंका येणारच. कायदेशीर पर्याय हवा असेल तर ओमानची मबसली बघा. ती कच्ची असताना उकळून वाळवतात, तिथे त्याला तबसील म्हणतात, आणि भारताला तो माल पिढ्यान् पिढ्या येतोय. कागद ओमानचे, माल ओमानचा. चव आणि रंग थोडा वेगळा, पण रात्री झोप लागते.

गाळा_बारा

मबसलीबद्दल धन्यवाद. सैंधवाचं काय? ते खनिज, फायटो नाहीच.

उरणचा_कागदवाला

नाही ना, म्हणून तिथे साखळी कागदांनीच सिद्ध करावी लागते. गुलाबी सैंधव म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पाकिस्तानातली खेवड्याची खाण येते, अधिकाऱ्यांच्याही. पुरवठादार माल दुसऱ्या देशातला म्हणत असेल तर खाणीचं किंवा प्रक्रिया कारखान्याचं इन्व्हॉइस, त्या देशाचं निर्यात डिक्लरेशन, यूएईत शिरतानाचं आयात डिक्लरेशन आणि यूएईतून निघतानाचं निर्यात डिक्लरेशन, हे चारही मागा. चारही ठिकाणी वजन आणि वर्णन जुळलं पाहिजे. इराणचा माल असेल तर पैसे कसे पाठवायचे हे बँकेशी आधी बोला. माल बंदरात आल्यावर बँकेने हात वर केले तर काही सुचणार नाही. 'हिमालयन' असं पाकिटावर छापलेलं आणि मूळ देश दुसराच, असलं लेबल तर आणूच नका.

लाइन_डेस्क

कंटेनरचा इतिहास कुणी बघतच नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

बुकिंग झालं की कंटेनर नंबर मिळतो: चार अक्षरं आणि सात आकडे, शेवटचा तपासणी अंक. लाइनच्या संकेतस्थळावर ट्रॅकिंगला टाका. रिकामा कंटेनर कुठल्या डेपोतून उचलला, भरून बंदरात कधी आला, कुठल्या जहाजावर चढला, सगळं तारखेनिशी दिसतं. पुरवठादार म्हणतो माल अल ऐनच्या बागेतला आणि त्याच्याच गोदामात भरला, पण रिकामा उचलल्यापासून भरून परत येईपर्यंत चारच तास गेले असतील, तर माल बंदराशेजारच्या फ्री झोनमध्ये दुसऱ्या कंटेनरमधून पालटलाय असं समजा. पालटण्यात बेकायदा काही नाही. पण मग पहिल्या कंटेनरचा नंबर आणि त्याचं बिल ऑफ लेडिंग (बी/एल, लाइनने दिलेली माल चढवल्याची पावती) तुमच्या फायलीत हवं.

स्विच बिल ऑफ लेडिंग हा दुसरा सापळा. मधला व्यापारी आपला पुरवठादार कोण हे लपवायला मूळ बी/एल परत देऊन नवीन काढतो, त्यात शिपर (माल पाठवणारा) बदलतो. कधी कधी लोडिंगचं बंदरही बदललेलं निघतं. शिपर बदलणं व्यापारात चालतं. बंदर बदललेलं दिसलं तर त्या मालाला हात लावू नका. करारात एक ओळ टाका: 'स्विच बी/एल चालणार नाही, पहिल्या बी/एलची प्रत पेमेंटच्या आधी.' सरळ पुरवठादार ही ओळ मान्य करतो. जो करत नाही त्याचा माल नको.

हाय_सी_नको

यात एक गोष्ट राहिली. खजुराचा बराच माल हाय सी सेलने विकला जातो, म्हणजे जहाज समुद्रात असताना कागदावर मालक बदलतो. बिल ऑफ एन्ट्री शेवटच्या खरेदीदाराच्या नावाने. मग मूळ देशाची जबाबदारीही त्याचीच, सवलत मागितली तर कलम २८डीए खालची मूळ देशाची माहिती ठेवण्याचीही त्याचीच. पहिला विक्रेता मोकळा. चार रुपये स्वस्त म्हणून हाय सीवर घेतलेल्या कंटेनरची वरची सगळी कागदांची साखळी तुमच्याकडे नसते, आणि मागायला वेळही नसतो: जेबेल अली ते न्हावा शेवा तीन-चार दिवसांचा प्रवास. हंगामात असा माल घ्यायचाच असेल तर करारात कागदांची यादी जोडा आणि निम्मे पैसे क्लिअरन्सनंतर द्या.

उरणचा_कागदवाला

+१. आणि प्रवास तीन-चार दिवसांचा म्हणून बिल ऑफ एन्ट्रीची वेळही चुकते. २०२१ पासून नियम असा: जहाज ज्या दिवशी येतं त्याच्या आदल्या दिवसाच्या अखेरपर्यंत बिल दाखल झालं पाहिजे, सुट्टीचा दिवस असला तरी. श्रीलंका, बांगलादेश, म्यानमार अशा जवळच्या काही देशांना थोडी ढील आहे, यूएईला नाही. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि नंतर रोज १०,००० रुपये. पाच दिवस उशीर म्हणजे एका बिलाला ३५,०००. जहाज येण्याच्या ३० दिवस आधीपर्यंत बिल टाकता येतं, तेव्हा मसुदा बी/एल आला की लगेच तयारीला लागा.

चुका नेहमीच्याच असतात. इन्व्हॉइसवर 'ड्राय फ्रूट' आणि फायटोवर 'फिनिक्स डॅक्टिलिफेरा'. पॅकिंग लिस्टमध्ये २,८०० पोती, बी/एलवर २,७५०. मूळ देशाच्या रकान्यात सवयीने लोडिंगचा देश. ई-संचितवर (कस्टमला कागद द्यायच्या ऑनलाइन सोयीवर) इन्व्हॉइसच्या जागी प्रोफॉर्मा (कच्चं इन्व्हॉइस) चढवलेला. फेसलेस असेसमेंटमध्ये तुमचं बिल दुसऱ्या शहरातला अधिकारी बघतो. त्याच्या पुढ्यात फक्त पडदा असतो, त्यामुळे न जुळणाऱ्या प्रत्येक आकड्याची क्वेरी निघते, आणि प्रत्येक क्वेरीत दिवस जातो.

स्कॅनर_शेजारी

स्कॅनिंगबद्दल. स्कॅनिंगला कुठले कंटेनर जाणार हे मॅनिफेस्टच्या (लाइनने दिलेल्या जहाजावरच्या मालाच्या यादीच्या) माहितीवरून आधीच ठरतं, तुमचं बिल दाखल झालंय की नाही याचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणून मॅनिफेस्टमधलं वर्णन ढोबळ असेल ('फूडस्टफ', 'जनरल कार्गो') तर ते स्वतःहून जोखीम वाढवतं. लाइनला वर्णन आणि एचएस कोड (मालाचा टॅरिफ कोड) नीट द्या.

चित्रात काय बघतात? घनता. पोत्यांचा माल एकसारखा करडा दिसतो. मध्येच दारापाशी पाच खोकी वेगळ्या घनतेची दिसली, तर ती मोफत दिलेली नमुन्याची पाकिटं आहेत की अजून काही, हे चित्र सांगत नाही. मग कंटेनर सीएफएसला (बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डात), माल पूर्ण उतरवून तपासणी, मजुरी आणि फोर्कलिफ्टचा खर्च तुमचा. पुरवठादाराला सक्त सांगा: नमुने, भेटवस्तू, सुटे भाग, दिवाळीची बदामाची पाकिटं, काही म्हणजे काही न लिहिता टाकायचं नाही. एका कंटेनरमध्ये दोन प्रकारचा माल असेल तर पॅकिंग लिस्टला भरणीचा आराखडा जोडा: पुढच्या भिंतीपासून इतक्या रांगा मऊ खजूर, मागे इतक्या रांगा खारीक.

वजनही. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. ते वजन, बी/एलचं एकूण (पॅकिंगसकट) वजन आणि इथल्या काट्याचं वजन यांत क्विंटलांचा फरक पडला की प्रश्न येतो. गंमत म्हणजे फरकाचं कारण बहुतेक वेळा बी/एलवर पॅलेटचं वजन न धरणं एवढंच असतं.

सील: आयएसओ १७७१२ चं बोल्ट सील. नंबर बी/एल, पॅकिंग लिस्ट आणि प्रत्यक्ष दारावर एकच हवा. जेबेल अलीला तिथल्या कस्टमने उघडून पुन्हा सील केलं असेल तर नवीन नंबर लाइनकडून मॅनिफेस्टमध्ये दुरुस्त करून घ्या, कंटेनर इथे उतरण्याआधी. नंतर दुरुस्तीला अर्ज, फी आणि दिवस.

मसाला_मार्केट

म्हणजे चोर पाच आणि कागद पाचशे जणांनी गोळा करायचे. छोट्या व्यापाऱ्याने धंदा करायचा की फायली लावत बसायचं?

स्कॅनर_शेजारी

राग समजतो, पण दुसरी बाजूही बघा. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंद्र्याला दोन कंटेनरमधून जवळपास ३,००० किलो हेरॉइन निघालं. कागदावर अफगाणिस्तानचा टाल्क दगड, बंदर अब्बासहून, आयातदार विजयवाड्याच्या पत्त्यावरची छोटी फर्म. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्हावा शेव्यात दक्षिण आफ्रिकेच्या हिरव्या सफरचंदांत आणि पेअरमध्ये ५० किलो कोकेन. १९९३ च्या स्फोटांचं आरडीएक्स इथूनच खाली शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरलं होतं, आणि त्या खटल्यात कस्टमचे लोकही दोषी ठरले. नवीन फर्म, पहिलाच कंटेनर, संवेदनशील मार्ग, शेतमाल किंवा पावडर, एवढं जुळलं की यंत्रणा थांबवणारच. तक्रार करायची तर ती वेळेबद्दल करा: तपासणीचा आदेश निघाल्यावर अधिकारी चार दिवस येत नसेल तर आयसगेटवर (कस्टमच्या पोर्टलवर) नाव न कळता तक्रार वर नेण्याची सोय आहे, ती वापरा. लोक वापरत नाहीत आणि बाहेर चहाच्या टपरीवर बोलतात.

हाय_सी_नको

आणि आयईसी (आयात-निर्यात कोड) भाड्याने देणं बंद करा, हे या धाग्यावर कुणीतरी म्हणायलाच हवं. कमिशनवर दुसऱ्याचा माल आपल्या आयईसीवर आणणारे वाशीत कमी नाहीत. कंटेनरमध्ये काय निघालं याचं उत्तर आयईसीधारकाला द्यावं लागतं. कस्टम ब्रोकरलाही २०१८ च्या लायसन्सिंग नियमातल्या १०(एन) प्रमाणे ग्राहकाची ओळख, आयईसी, जीएसटी नंबर आणि दिलेल्या पत्त्यावर धंदा चालतो का हे स्वतंत्र, विश्वसनीय कागदांवरून तपासावं लागतं. ब्रोकर जास्त प्रश्न विचारतो म्हणून चिडू नका.

गाळा_बारा

कंटेनर अडकल्यावरचं कुणीतरी लिहा ना. तिथेच पैसा जातो.

कलम_एकोणपन्नास

लिहितो, थोडं लांब होईल.

सर्वात आधी, अडकला म्हणजे नेमकं काय हे लेखी मिळवा. चार वेगळ्या अवस्था आहेत आणि उपाय वेगळे आहेत: आरएमएसची तपासणी, एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरण) किंवा वनस्पती संगरोधाच्या एनओसीची वाट, डीआरआय किंवा एसआयआयबीचा (कस्टमच्या तपास शाखेचा) होल्ड, आणि पंचनामा करून कलम ११० खाली जप्ती. तिसऱ्या अवस्थेत माल अधांतरी असतो, तोंडी 'होल्ड आहे' एवढंच सांगतात. तेव्हा सहायक आयुक्तांना पत्र देऊन कारण आणि तारीख नोंदवून घ्या. पुढची प्रत्येक सूट त्या तारखेवर ठरते.

दुसरं, कंटेनर मोकळा करा. माल अडकला तरी कंटेनर अडकलाच पाहिजे असं नाही. कलम ४९ खाली अर्ज करा: वाजवी वेळेत क्लिअरन्स होणार नाही, माल सार्वजनिक गोदामात ठेवण्याची परवानगी द्यावी. ३० दिवसांची मिळते, पुढे वाढवता येते, आणि त्यासाठी बाँडचं वेगळं बिल लागत नाही. माल देखरेखीखाली उतरवायचा, गोदामात सील करायचा, रिकामा कंटेनर लाइनला परत. डॉलरचं मीटर त्या दिवशी थांबतं. डीआरआयच्या होल्डमध्ये त्यांची संमती लागते, पण पंचनाम्यानंतर ते सहसा अडवत नाहीत. हा अर्ज तिसऱ्या दिवशी करायचा असतो. लोक विसाव्या दिवशी करतात.

तिसरं, सूट. २००९ च्या कार्गो हाताळणी नियमांप्रमाणे कस्टमने रोखलेल्या किंवा जप्त केलेल्या मालावर सीएफएसने किंवा टर्मिनलने भाडं, डेमरेज (माल मुदतीपलीकडे ठेवल्याचा आकार) लावायचं नाही. लाइनच्या डिटेन्शनबद्दल २०१८ च्या सागरी मॅनिफेस्ट नियमांत तरतूद आहे: नोंदी पडताळण्यासाठी कस्टमने माल रोखला आणि नोंदी बरोबर निघाल्या, तर डिटेन्शन मागता येत नाही. ६० दिवसांनंतरचं मात्र मागता येतं. दोन्हीला कस्टमचं डिटेन्शन सर्टिफिकेट लागतं, आणि ते मिळूनही वाद होतात हे धरून चाला. एफएसएसएआयच्या नमुन्याची वाट बघण्यातले दिवस यात येतील अशी आशा ठेवू नका.

चौथं, जप्ती झाली असेल तर कलम ११०ए खाली बाँड आणि सुरक्षा ठेव देऊन तात्पुरती सुटका मागता येते. पण मूळ देश पाकिस्तान असल्याचा संशय असेल तर तो प्रतिबंधित माल ठरतो, आणि कलम १२५ मध्ये प्रतिबंधित मालाला दंड भरून सोडवण्याचा पर्याय देणं अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे, हक्क नाही. सहा महिन्यांत कारणे दाखवा नोटीस आली पाहिजे, आयुक्त ती मुदत आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढवू शकतात. तोवर खारकेला कीड लागलेली असते. म्हणून सुरुवातीलाच कागद.

कलम १०८ चं समन्स आलं तर जा, टाळू नका. तिथल्या जबाबाचं महत्त्व पोलिसांपुढच्या जबाबापेक्षा जास्त आहे, तो पुरावा म्हणून वापरला जातो. मूळ फाइल आणि एक झेरॉक्स संच न्या. आठवत नाही ते 'कागद बघून सांगतो' म्हणा. वाचल्याशिवाय सही नको. जबाब हिंदी-इंग्रजीत लिहिला असेल आणि नीट कळत नसेल तर तसं नोंदवायला सांगा.

फायटो_वाचा_आधी

उत्तम प्रतिसाद. फक्त एक जोड: एफएसएसएआयला माल क्लिअर होताना एकूण टिकण्याच्या मुदतीच्या ६० टक्के किंवा मुदत संपायला ३ महिने, यातलं जे कमी ते शिल्लक लागतं. लांबलेल्या होल्डमध्ये किरकोळ पाकिटातला माल इथेच मरतो. आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआय लोगो आणि परवाना क्रमांक, हिरवा ठिपका हे बंदरात स्टिकर लावून दुरुस्त करता येतं. मूळ देशाचं नाव नंतर चिकटवायची गोष्ट नाही.

सवलत_हवी_तर

सेपाची सवलत घेणाऱ्यांसाठी थोडक्यात. २१ सप्टेंबर २०२० पासून कॅरोटार (सवलतीसाठी मूळ देश सिद्ध करण्याचे नियम) लागू आहे. फॉर्म १ ची माहिती आयात करण्याआधी तुमच्याकडे असली पाहिजे, विचारल्यावर गोळा करायची नाही. विचारणा झाली की १० कामकाजाचे दिवस. कागद ५ वर्षं जपायचे. सर्टिफिकेटमध्ये चुका ठरलेल्या: तिसऱ्या देशातल्या पक्षाचं इन्व्हॉइस असूनही तो चौकोन रिकामा, जहाज निघाल्यानंतर काढलेलं असूनही तशी नोंद नाही, एचएस कोड सहा आकड्यांपर्यंत जुळत नाही. पडताळणी यूएईकडे गेली तर फरकाच्या ड्यूटीची बँक गॅरंटी देऊन माल तात्पुरता सुटतो, पण तो सवलतीच्या वादात. बंदीच्या संशयात ही वाट बंद.

मसाला_मार्केट

आणि एईओ? ते मोठ्या कंपन्यांचं ना.

कुलूप_आणि_किल्ली

टी-१ (एईओची पहिली पायरी) तसं नाही. वर्षाला २५ कस्टम कागद (बिल ऑफ एन्ट्री किंवा शिपिंग बिल) लागतात, लघुउद्योगाला १०, दोन्ही सहामाहींत किमान ५. अर्ज ऑनलाइन, टी-१ ला बहुतेक तपासणी कागदावरच. मिळतं काय? तपासणीचं प्रमाण कमी, डीपीडीची वाट सोपी, म्हणजे कंटेनर सीएफएसला न जाता टर्मिनलवरूनच ४८ तासांत उचलायचा. ड्यूटी नंतर भरण्याची सोय टी-२ पासून पुढे. टी-२ ला अधिकारी प्रत्यक्ष येऊन गोदाम, कुलपं, सीसीटीव्ही, नोंदवह्या, गाडीचालकांची ओळख बघतात.

माझं स्पष्ट मत: वर्षाला दहा कंटेनरच्या खाली असाल तर एईओच्या मागे लागू नका, तोच वेळ पुरवठादारावर घाला. वीसच्या पुढे असाल तर टी-१ घ्याच. पण त्याने स्कॅनिंग थांबत नाही. यादृच्छिक निवड आणि डीआरआयची खबर एईओवाल्यालाही लागू.

त्यातली एक सवय मात्र एईओ नसतानाही उचला: भरणीआधी कंटेनरची सात ठिकाणी तपासणी. पुढची भिंत, डावी बाजू, उजवी बाजू, तळ, छत, दार आतून-बाहेरून, आणि खालचा सांगाडा. पुरवठादाराच्या माणसाने प्रत्येक ठिकाणचा फोटो काढायचा, कंटेनर नंबर दिसेल असा. आतून लांबी मोजायची. चाळीस फुटी साधारण १२ मीटर भरते, हातभर कमी भरली तर पुढची भिंत खोटी आहे. सील लावल्यावर बघायचं, नंबर जुळवायचा, ओढायचं, पिळायचं. दहा मिनिटांचं काम. फोटोंचा तो संच ई-संचितवर सहाय्यक कागद म्हणून चढवला तर तपासणी अधिकाऱ्याला सुरुवातीलाच धागा मिळतो.

भिवंडी_नाका

अवांतर: बांगलादेशच्या तयार कपड्यांनाही हे लागू आहे का?

उरणचा_कागदवाला

ते वेगळं बंधन. १७ मे २०२५ पासून बांगलादेशी तयार कपडे जमिनीवरच्या नाक्यांतून येऊ शकत नाहीत, फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता या दोन बंदरांतून. माल बंद नाही, वाट ठरवून दिलीय. दुसऱ्या बंदराचं बुकिंग केलंत तर माल परत पाठवण्याची वेळ येईल. सविस्तर हवं तर वेगळा धागा काढा, इथे खारीकच राहू दे.

गाळा_बारा

शेवटचा प्रश्न. जहाज कराचीला लागून येत असेल आणि आपला माल ओमानचा असेल तर?

लाइन_डेस्क

अधिसूचनेची भाषा पाकिस्तानी मालाबद्दल आहे, तुमचा ओमानचा माल त्यामुळे पाकिस्तानी होत नाही. पण त्याच २ मे २०२५ ला नौवहन महासंचालनालयाचा आदेश निघाला: पाकिस्तानी ध्वजाची जहाजं भारतीय बंदरांत नाहीत, भारतीय ध्वजाची तिकडे नाहीत. इतर ध्वजाच्या जहाजावर भारतमार्गे पुढे जाणारा पाकिस्तानी माल असला तर 'ट्रान्झिट' शब्दाखाली तोही अडतो, आणि बाकीच्यांचा माल त्याच जहाजावर असतो. लाइनला बुकिंगच्या वेळीच रोटेशन लेखी विचारा: मस्कत किंवा सोहारनंतर कुठली बंदरं, कुठे माल दुसऱ्या जहाजावर चढणार. सोहार–न्हावा शेवा थेट असेल तर दोन दिवस जास्त लागले तरी तेच घ्या. रोटेशन मधेच बदललं तर लाइनचा ईमेल फाइलला लावा आणि ब्रोकरला त्याच दिवशी कळवा, बिल दाखल होण्याच्या आधी.